शिवेपलीकडची माणसे

चंद्रपूर किंवा गडचिरोली जिल्ह्यातल्या जुन्या गावात गेलात तर बहुधा वस्तीच्या कडेला, एखाद्या झाडाच्या सावलीत, मातामायचे ठाणे दिसेल. शेंदूर लावलेले दगड, कधी मातीचे घोडे, कधी नुसतीच एक लहानशी ओटी. देवी, गोवर, पटकी अशा साथींशी लोकांनी या देवतेचे नाते जोडलेले आहे. रोगाच्या देवतेला गावाच्या मध्यभागी जागा मिळत नाही आणि तिला पूर्णपणे गावाबाहेरही काढता येत नाही. तिचे स्थान शिवेच्या आसपास.

मध्य प्रांतात पटकीची साथ आली की गावे काय करीत याचे एक वर्णन जेम्स फ्रेझर या मानववंशशास्त्रज्ञाने नोंदवून ठेवले आहे. सूर्यास्तानंतर सर्वांनी घरात जायचे. मग पुजाऱ्यांनी गल्लीगल्लीतून फिरून प्रत्येक घराच्या छपरातली एकेक काडी काढायची आणि ती गावाच्या पूर्वेच्या ठाण्यापाशी तांदूळ, तूप, हळद यांच्याबरोबर जाळायची. धूर ज्या दिशेला जाईल त्या दिशेला शेंदूर फासलेल्या कोंबड्या हाकलून द्यायच्या. त्या आपल्याबरोबर रोग घेऊन जातात. कोंबड्यांनी भागले नाही तर बकऱ्या, आणि तेही जमले नाही तर डुकरे.

विज्ञानाच्या शिक्षकाने यावर ‘अंधश्रद्धा’ असा शेरा मारून पान उलटू नये, अशी माझी विनंती आहे. या विधीत एक सिद्धान्त दडलेला आहे. रोग ही बाहेरून येणारी गोष्ट आहे, ती एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाते, ती कोणाच्या तरी अंगावरून जाते, आणि शीव बांधली तर ती थांबते, अशी त्याची चार कलमे मांडता येतील. पहिली तीन कलमे ढोबळपणे बरोबर आहेत. चौथे कधी बरोबर, कधी चूक; ते रोगावर अवलंबून आहे. शिवाय एक प्रश्न हा सिद्धान्त विचारतच नाही. त्या कोंबड्या जातात कुठे? पलीकडेही गावच असते.

साथीच्या काळात माणसे कशी वागतात, याचा इतिहास पाहताना मला हा शिवेचा प्रश्न फार उपयोगी वाटतो. रोगी आणि निरोगी यांच्यात अंतर ठेवणे हे पुष्कळदा शहाणपणाचे असते. पण अंतर ठेवण्याचे दोन प्रकार आहेत. एकाला आपण विलगीकरण म्हणतो, दुसऱ्याला वाळीत टाकणे. लांबून पाहिले तर दोन्ही सारखीच दिसतात: एक माणूस शिवेपलीकडे आणि बाकीचे अलीकडे. फरक एवढाच की एका प्रकारात पलीकडच्या माणसाला पेज-पाणी कोण पोचवणार हे ठरलेले असते.

पटकीपासूनच सुरुवात करू. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाशी पटकीच्या मृत्यूंचा संबंध जॉन स्नो याने १८५४ मध्ये दाखवला, आणि रॉबर्ट कॉखने पटकीच्या जंतूचा शोध इजिप्तमधून कलकत्त्यापर्यंत नेऊन १८८४ मध्ये तिथल्या तलावाच्या पाण्यातही तो दाखवला. म्हणजे रोग पाण्यातून जातो. चांदा जिल्हा तलावांचा. एकाच तलावावर पिणे, आंघोळ, गुरे आणि भांडी. तलावात जंतू शिरला असेल तर कोंबड्या कितीही दूर हाकलल्या तरी काही होणार नाही. आणि वैनगंगेचे पाणी एका गावाची शीव ओलांडून दुसऱ्या गावात जाताना कोणाला विचारत नाही. या रोगात माणसाची जबाबदारी स्वतःपुरती नसतेच. मी पाण्याकाठी जे करतो ते खालच्या अंगाला पाणी भरणाऱ्या, मी कधी न पाहिलेल्या बाईच्या घरात पोचते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत पाणी आटले, उपाशी माणसे कामाच्या शोधात फिरू लागली, आणि दुष्काळाबरोबर रोगराईही फिरली. १९०१ च्या जनगणनेत चांदा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे सहा लाख भरली. दहा वर्षांपूर्वी होती त्यापेक्षा ती कमी होती.

त्याच सुमारास महाराष्ट्रात प्लेग आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. सव्वाशे वर्षांनंतर, २०२० मध्ये, आपण ज्या कायद्याखाली घरात बसलो त्यांपैकी एक हाच. पुण्यात रँडच्या हाताखालच्या सैनिकांनी घरे झडली, रोगी आणि संशयित उचलून नेले, सामान जाळले. २२ जून १८९७ ला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. हा भाग आपल्या इतिहासाच्या पुस्तकात असतो. पुस्तकात सहसा नसते ते हे, की सैनिकांना ते काय शोधत आहेत हेच माहीत नव्हते. प्लेगचा जंतू येरसँने १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला होता, पण तो उंदराकडून माणसाकडे पिसवेमार्फत येतो हे पॉल-लुई सिमाँने कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये, आणि त्यावर शास्त्रज्ञांचा विश्वास बसायला आणखी दहाएक वर्षे गेली. १८९७ मध्ये सरकार माणसांना पकडत होते आणि उंदीर मोकळे होते.

गावोगावचे लोक मात्र दुसरेच काहीतरी करीत होते. घरात उंदीर पडू लागले की घर सोडायचे, आणि रानात झोपड्या घालून राहायचे. सिमाँचा प्रयोग त्यांनी ऐकलेला नव्हता, पण निरीक्षण अचूक होते. उंदीर मरून थंड पडला की त्याच्या अंगावरच्या पिसवा दुसरे गरम शरीर शोधतात. त्या वेळी घरात माणूस नसला तर त्या उपाशी मरतात. म्हणजे इथे शीव उपयोगी होती, फक्त ती उलट्या बाजूने ओलांडायची होती. रोग्याला बाहेर काढण्याऐवजी सगळ्या गावानेच बाहेर पडायचे. पुढच्या वर्षांत सरकारी उपायांतही गाव रिकामे करण्याला महत्त्वाचे स्थान मिळाले.

यात एक अडचण होती. झोपडी घालायला रान लागते. ज्याची शेती आहे तो आपल्या शेतात जाई. ज्याची नाही त्याने कुठे जायचे? आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला उचलायचे कोणी? शहाणपणाचा उपाय सगळ्यांना सारखा परवडत नाही, हे साथीच्या इतिहासात वारंवार दिसते, आणि तरीही प्रत्येक वेळी आपल्याला ते नव्याने कळते.

सावित्रीबाई फुले या प्लेगमध्येच गेल्या, १० मार्च १८९७ रोजी. त्यांचा मुलगा डॉ. यशवंत याने पुण्याबाहेर हडपसरजवळच्या माळावर रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई रोग्यांना तिथे आणत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून तिथवर आणले आणि मग त्यांनाच प्लेग झाला. या घटनेकडे आपण त्याग म्हणून पाहतो, ते योग्यच आहे. पण दवाखाना वस्तीपासून दूर, माळावर होता, हेही पाहावे. विलगीकरण त्यांनीही केले होते. फक्त पलीकडे नेलेल्या माणसाबरोबर त्या स्वतःही पलीकडे गेल्या.

शिवेचा असाच एक प्रसंग इंग्लंडमधल्या ईम नावाच्या खेड्यातला आहे आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. १६६५ मध्ये लंडनहून तिथल्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला आणि त्याबरोबर प्लेग आला. पुढच्या उन्हाळ्यात गावकऱ्यांनी विल्यम मॉम्पेसन या पाद्र्याच्या सांगण्यावरून ठरवले, की आपण गाव सोडायचे नाही, म्हणजे आजूबाजूच्या गावांना रोग जाणार नाही. शिवेवरच्या दगडात खळगे होते. त्यांत व्हिनेगर ओतून नाणी ठेवायची, शेजारच्या गावांनी धान्य आणून ठेवायचे आणि नाणी न्यायची. जवळच्या जमीनदारानेही अन्न पुरवले. सुमारे २६० माणसे मेली. पिसवांचे गणित मांडले तर घरातच राहण्याने गावातले मृत्यू वाढले असण्याची शक्यता आहे, आणि हा हिशेब अभ्यासकांत वादाचा आहे. माझे लक्ष मात्र त्या दगडाकडे जाते. तो शीव दाखवत होता आणि तिच्यावरूनच धान्याची देवघेव होत होती. चांद्याच्या मातामायपुढे नैवेद्य ठेवतात, तोही शिवेवरच. पण तो देवतेसाठी असतो.

आता १९१८. महाराष्ट्रातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात मानमोडीची साथ म्हणून जी येत असे ती ही. पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षी जूनमध्ये इन्फ्लुएंझा मुंबई बंदरात उतरला, पावसाळ्यात ओसरल्यासारखा झाला आणि सप्टेंबरमध्ये फार भयंकर रूपात परतला. मुंबईत ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात ७६८ मृत्यू नोंदले गेले. मग तो आगगाडीने आत शिरला. आपल्या जिल्ह्यात कोळशासाठी वरोऱ्यापर्यंत रूळ एकोणिसाव्या शतकातच आले होते आणि गोंदियाहून नागभीडमार्गे चांद्याला येणारी अरुंद मापाची गाडीही महायुद्धाआधी सुरू झाली होती. कोंबडीच्या गतीने जाणारा रोग आता इंजिनाच्या गतीने जाऊ लागला. त्या वर्षी पाऊसही बुडाला होता आणि धान्य महाग झाले होते. देशातल्या सर्वाधिक मृत्युदराच्या प्रांतांत मध्य प्रांत आणि वऱ्हाड होते. भारतातल्या एकूण मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून एकशे ऐंशी लाखांच्या, म्हणजे १.८ कोटींच्या, आसपास जातात. आजच्या भारताच्या सीमांमधली लोकसंख्या १९११ मध्ये २५.२१ कोटी होती, ती १९२१ मध्ये २५.१३ कोटी भरली. जनगणना सुरू झाल्यापासून संख्या घटल्याचे हे एकच दशक. वर्गात जनगणनेचा आलेख काढून घेताना हा खड्डा विद्यार्थ्यांना स्वतःला सापडू द्यावा, आधी सांगू नये.

या रोगावर औषध नव्हते. कारणही ठाऊक नव्हते. डॉक्टर फायफरच्या जिवाणूला दोष देत होते आणि खरा विषाणू माणसापासून वेगळा केला गेला तो १९३३ मध्ये. तरीही ज्यांना रोग झाला त्यांतले बहुसंख्य वाचत होते. वाचणे पुष्कळदा अगदी साध्या गोष्टींवर अवलंबून असे. ताप असताना कोणी पाणी दिले का, पेज भरवली का, पांघरूण घातले का. इन्फ्लुएंझाची एक क्रूर तऱ्हा अशी की तो घरातल्या सगळ्यांना एकदमच पाडतो. मग पाणी भरायला कोणी उरत नाही. अशा वेळी शेजाऱ्यापुढे जो पेच उभा राहतो त्याला सोपे उत्तर नाही. गेलो तर आपल्याला रोग होईल आणि आपल्या घरी जाईल. न गेलो तर पलीकडची माणसे तापाने नव्हे, तहानेने मरतील. त्या साथीत भारतात पुरुषांपेक्षा स्त्रियांचे मृत्यू अधिक झाले. आजाऱ्यांची शुश्रूषा त्यांच्याकडे असे आणि त्यांच्या स्वतःच्या पोटाला आधीच कमी मिळत असे, अशी त्याची कारणे दिली जातात. शीव ओलांडण्याची जबाबदारी कोणावर आहे हे न बोलता ठरलेले असते, ते असे.

मुंबईचे आकडे आणखी एक गोष्ट सांगतात. दर हजारी मृत्यू युरोपियनांत ८.३, पारशांत ९, सवर्ण हिंदूंत १८.९, आणि त्या वेळच्या नोंदींत ‘खालच्या जाती’ असे लिहिलेल्या हिंदूंत ६१.६. विषाणू जात पाहत नाही. मात्र जात माणसाचे घर कुठे असेल, खोलीत किती माणसे झोपतील आणि तो काय खाईल, हे ठरवते. गावकुसाबाहेरची वस्ती साथ येण्याच्या कितीतरी आधीपासून बाहेरच होती. मरीआईचा गाडा शिवेपार नेण्याचे आणि मेलेली जनावरे ओढण्याचे काम ज्यांच्यावर लादलेले होते, त्यांना ‘अंतर ठेवा’ हे कोणी नव्याने सांगायची गरज नव्हती. ते अंतर रोगापासून संरक्षण म्हणून कधी आखलेलेच नव्हते, आणि त्याने संरक्षण केलेही नाही.

मग इन्फ्लुएंझात शीव निरुपयोगी होती का? पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांनी याचे जवळजवळ प्रयोगशाळेतले उत्तर दिले आहे. पश्चिम सामोआत ७ नोव्हेंबर १९१८ ला टलून नावाचे जहाज आजारी प्रवासी घेऊन लागले; काही आठवड्यांत तिथली पाचांतली एकाहून अधिक माणसे मेली. शेजारच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर पॉयर यांनी जहाजे अडवली आणि लोकांनी होड्यांतून किनाऱ्यावर पहारा दिला; तिथे या साथीने एकही बळी घेतला नाही. शीव वेळेवर आणि सगळ्यांनी मिळून राखली तर चालते. पण बेटाला शीव समुद्राने आखून दिलेली असते. रेल्वेच्या फाट्यावरच्या गावाला ती रोज आखावी लागते.

पुढचा रोग साथीसारखा येत नाही आणि साथीसारखा जातही नाही. पण शिवेचा सगळ्यात मोठा धडा याच जिल्ह्यात त्याच्याच निमित्ताने घडला, म्हणून इथे जरा थांबतो. कुष्ठरोगाचा जंतू आर्माउर हॅन्सनने १८७३ मध्ये पाहिला. हा जंतू फार संथ आहे. त्याला एकदा दुभागायला बारा-चौदा दिवस लागतात, पटकीच्या जंतूला अर्धा तासही लागत नाही. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा वर्षे जातात. शंभरांतल्या सुमारे ९५ जणांना हा रोग निसर्गतःच होत नाही. बोटे झडतात ती जंतूने खाल्ल्यामुळे नव्हे. जंतू मज्जातंतू बधिर करतो, मग चुलीचा चटका आणि काट्याची जखम कळत नाही, आणि न कळलेल्या जखमा बोटे घेऊन जातात. म्हणजे ज्या रोगात शिवेपार काढण्याचा उपयोग सर्वांत कमी, त्याच रोगात आपण माणसाला सर्वांत दूर आणि सर्वांत दीर्घकाळ काढले. १८९८ चा कुष्ठरोग्यांसंबंधीचा कायदा पाहिला तर त्यात पकडून ठेवण्याची तरतूद ‘निर्धन’ रोग्यांसाठी होती. जंतू श्रीमंताच्या अंगावरही तोच असतो. तो कायदा रोगापेक्षा रस्त्यावर दिसणाऱ्या रोग्यासाठी होता.

मुरलीधर देवीदास आमटे वरोऱ्यात वकिली करीत आणि नगरपालिकेचे उपनगराध्यक्ष होते. भंगी कामगारांचे जिणे समजून घ्यायला त्यांनी स्वतः मैला वाहिला होता. म्हणजे भित्रा माणूस नव्हे. अशा माणसाला एका पावसाळी रात्री गटाराकाठी तुळशीराम नावाचा कुष्ठरुग्ण दिसला, शेवटच्या अवस्थेतला, आणि तो माणूस घाबरून घरी पळाला. ही गोष्ट बाबांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितली. ते परत गेले, तुळशीरामवर आडोसा केला आणि तो मरेपर्यंत त्याची सेवा केली. ही कथा इथे संपवण्याची आपल्याला सवय आहे. मला तिचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. भीती गेली पाहिजे म्हणून त्यांनी रोग शिकून घेतला. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत ते कुष्ठरोगाच्या अभ्यासक्रमाला गेले. तिथे प्रयोगासाठी त्यांनी जंतू स्वतःच्या शरीरात टोचून घेतले. ते रुजले नाहीत. हा जंतू प्रयोगशाळेच्या काचपात्रात आजही वाढवता येत नाही. उंदराच्या तळपायात तो वाढवण्यात यश आले ते १९६० मध्ये. म्हणजे त्या काळी या रोगावर औषध शोधणे किती अवघड होते हे लक्षात यावे.

१९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर बाबा आणि साधनाताई, त्यांची दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्यावर आनंदवन सुरू झाले. पहिले काम विहीर खणण्याचे. गावच्या विहिरीवर या माणसांना कोण येऊ देणार होते? पाणी लागले, जमीन पिकू लागली, भाजी निघाली. आणि वरोऱ्यात ती भाजी कोणी घेईना. कुष्ठरोग भाजीतून पसरत नाही हे सांगून काही उपयोग नव्हता. सांगण्याने तो प्रश्न सुटणारा नव्हता. १९५० च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे निरनिराळ्या देशांतले तरुण स्वयंसेवक आनंदवनात राहून बांधकाम करू लागले. ते तिथेच जेवत, तीच भाजी खात. वरोऱ्याचे लोक हे पाहत होते. मग गिऱ्हाइके येऊ लागली. यात आपल्या मानसिकतेवर एक टोमणाही आहे, शेजारच्या रुग्णाच्या हातची भाजी चांगली आहे हे आपल्याला गोऱ्या माणसाने खाऊन दाखवावे लागले. असो. १९६४ मध्ये आनंदवनातच आनंदनिकेतन महाविद्यालय सुरू झाले आणि ज्या शिवेतून रोगी बाहेर काढले होते, तीच शीव ओलांडून गावची मुले रोज शिकायला आत जाऊ लागली.

२०२० कडे येताना हा सगळा इतिहास बरोबर घेतला तर त्या वर्षाच्या घटना वेगळ्या दिसतात. महाराष्ट्रातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० ला पुण्यात सापडले; चंद्रपूर आणि गडचिरोलीत पहिले रुग्ण मे महिन्यात. मधल्या काळात अनेक गावांनी वाटेवर लाकडे आडवी टाकून गाव बंद केले. शहरी वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुक केले आणि ते योग्य होते. नव्या विषाणूपुढे उशीर ही मोठी कमाई असते, कारण दरम्यान बाहेर काहीतरी शिकले जात असते. डेक्सामेथासोन हे स्वस्त औषध गंभीर रुग्णांचे प्राण वाचवते हे जून २०२० मध्ये कळले, भारतात लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाले. १९१८ मध्ये उशीर करून वाट पाहावी असे पुढे काहीच नव्हते.

पण त्याच लाकडांच्या पलीकडे गावचीच माणसे उभी होती. या दोन्ही जिल्ह्यांतून दर वर्षी हजारो मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात. टाळेबंदी झाली तेव्हा ते तिथे अडकले. गाड्या बंद, मजुरी बंद. कित्येक जण जंगलातून पायी निघाले, प्राणहिता आणि गोदावरी ओलांडून आले. गावी पोचल्यावर त्यांना आधी शिवेवर, शाळेत किंवा शेतातल्या झोपडीत चौदा दिवस राहायचे होते. वैद्यकदृष्ट्या हे बरोबरच होते. लक्षणे दिसण्याआधीच हा विषाणू पसरतो आणि चौदा दिवसांत लक्षणे बहुधा दिसून जातात. काही ठिकाणी ग्रामसभांनी जेवणाची, धान्याची सोय केली, काही ठिकाणी घरच्यांनी डबा आणून अंतरावर ठेवला, आणि काही ठिकाणी माणसांना आपल्याच गावात शिव्या खाव्या लागल्या. चौदा दिवस तेच आणि शाळेची खोलीही तशीच. पण पहिल्या गावात पुढच्या वेळी परतणारा माणूस स्वतः होऊन शिवेवर थांबतो, आणि तिसऱ्या गावात तो रात्री मागच्या वाटेने घरात शिरतो. वाळीत टाकण्याने रोग थांबत नाही, लपतो.

सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम काढली. आपल्यापैकी अनेक शिक्षक त्यात घरोघरी फिरले. वैयक्तिक जबाबदारीचे गणित खरोखरच प्रभावी आहे आणि ते वर्गात करून पाहण्यासारखे आहे. एका रुग्णाने दोघांना रोग दिला, त्या प्रत्येकाने आणखी दोघांना, तर दहाव्या पायरीला १०२४ नवे रुग्ण होतात. प्रत्येकाने आपले एक चतुर्थांश संपर्क टाळले, म्हणजे दोनाऐवजी सरासरी दीड, तर दहाव्या पायरीला सुमारे ५८. थोडे थोडे करून अठरापट फरक पडतो. पण या गणितात एक गोष्ट दिसत नाही. पगारी माणसाला हा चौथा हिस्सा टाळणे म्हणजे घरून काम करणे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपत्ता गोळा करून वर्षाचे मीठ-मिरची भागवणाऱ्या कुटुंबाला तो हिस्सा म्हणजे त्या वर्षाची रोकड. जबाबदारी सारखी वाटली तरी तिची किंमत सारखी नसते, आणि ती किंमत कोण भरणार हे मोहिमेच्या नावात लिहिलेले नसते.

जबाबदारीबरोबर साधन दिले तर काय होते याचेही उदाहरण गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने बालकांच्या न्यूमोनियासाठी गावातल्याच माणसांना श्वास मोजायला शिकवले, आणि ज्यांना मोजता येत नाही त्यांच्यासाठी मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले साधे उपकरण बनवले. औषधही त्यांच्याच हाती दिले. बालमृत्यू कमी झाले, आणि नवजात बाळांच्या घरगुती काळजीचे तिथले निष्कर्ष १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. इथे डॉक्टर शिवेपलीकडून येण्याची वाट पाहायची नव्हती. २०२१ मध्ये कोविडची लस घेऊन बाहेरची पथके भामरागड, एटापल्लीकडे गेली तेव्हा पुष्कळ लोक जंगलात निघून गेले किंवा नको म्हणाले. त्याला अज्ञान म्हणणे सोपे आहे. पण जी यंत्रणा एरवी तापाची गोळी द्यायला वेळेवर येत नाही, ती अचानक सुई घेऊन येते, तेव्हा शंका घेणे हे अगदीच अशास्त्रीय नव्हे. माडिया आणि गोंडी बोलणारी, गावात राहणारी माणसे समजावू लागली तिथे काम पुढे सरकले.

कोविडच्या गोंधळात एक आकडा जवळजवळ कोणी पाहिला नाही. भारतात २०१९-२० मध्ये कुष्ठरोगाचे सुमारे १ लाख १४ हजार नवे रुग्ण नोंदले गेले होते, ते २०२०-२१ मध्ये एकदम ६५ हजारांवर आले. रोग निम्मा झाला नव्हता. घरोघर जाऊन शोधणारेच बाहेर पडू शकत नव्हते. चंद्रपूर आणि गडचिरोली हे राज्यातल्या अधिक कुष्ठरोगाच्या जिल्ह्यांत आजही मोडतात. १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून निघाले ते २०१९ मध्ये. अंगावरचा फिकट किंवा लालसर चट्टा दुखत नाही, खाजत नाही. त्याला संवेदनाच नसते, म्हणून तो दाखवायला कोणी दवाखान्यात जात नाही, आणि कळले तरी लोक काय म्हणतील म्हणून जात नाही. शाळेतल्या मुलाच्या हातावर किंवा गालावर असा चट्टा सर्वांत आधी दिसण्याची शक्यता त्याच्या शिक्षकाला आहे. औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते, सहा महिने किंवा एक वर्ष घ्यावे लागते, आणि सुरू केल्यावर थोड्याच दिवसांत रुग्ण दुसऱ्याला संसर्ग देण्याचे थांबतो. तो त्याच बाकावर बसू शकतो.